मंदीनंतरचा लहान कारखाना : दिघा आणि अब्जांश-उद्योगाचे भवितव्य

१

आर्थिक मंदी ओसरल्यानंतर एखाद्या लहान कारखान्याचे पुढे काय होते, हा प्रश्न सामान्यतः अर्थशास्त्राच्या अभ्यासकांकडे सोपविला जातो. कारखाना जेव्हा अगदी नव्या विद्येवर, उदाहरणार्थ अब्जांश तंत्रज्ञानावर, उभारलेला असतो, तेव्हा तर इतिहासाला तेथे काही बोलावयाचे आहे असे कोणाच्या मनातही येत नाही. नव्या विद्येला मागचा इतिहास नसतो, अशी आपली समजूत असते. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन ह्याच्या उलट आहे. नवी मुंबईच्या उत्तर टोकास असलेले दिघा आणि तेथून बेलापूरपर्यंत पसरलेला औद्योगिक पट्टा ह्यांनी गेल्या साठ वर्षांत अनेक मंद्या पाहिल्या आहेत. त्या काळात तेथे कोण टिकले व कोण गेले हे पाहिले, तर अब्जांश पदार्थ करणाऱ्या लहान पेढीच्या भवितव्याविषयी पुष्कळ काही निश्चितपणे सांगता येते. ह्या विचारात शब्दांचा इतिहासही उपयोगी पडतो. प्रस्तुत लेखक भाषाशास्त्राचा अभ्यासक असल्यामुळे आरंभ शब्दांपासूनच करणे त्याला सोयीचे वाटते.

मराठी व्यापारी भाषेत तेजी आणि मंदी हे दोन शब्द जोडीने चालतात. परंतु त्यांचे कुळ एक नाही. तेजी हा फारसीतील ‘तेझ’ म्हणजे तीक्ष्ण, जलद ह्या विशेषणावरून आलेला, तर मंदी हा संस्कृत ‘मन्द’ ह्याच्याशी नाते सांगणारा. मन्द म्हणजे हळू, क्षीण, उणा. मंद दिवा विझलेला नसतो, आणि ज्याचा अग्नी मंद झाला आहे त्या मनुष्याला अन्न वर्ज्य नसते, ते बेताने घ्यावयाचे असते. म्हणजे मंदी ह्या शब्दातच व्यवहार चालू असल्याचे गृहीत आहे. व्यापार पूर्णपणे नष्ट झाला हे सांगण्यासाठी मराठी माणूस निराळी क्रियापदे वापरतो. धंदा ‘बसला’ आणि धंदा ‘बुडाला’ ह्यांत तो फरक करतो, कारण बसलेला उठू शकतो. बसणे ह्या क्रियापदाची आणखी एक गंमत अशी, की धंदा बसला म्हणजे खाली आला, परंतु धंद्याचा जम बसला म्हणजे तो स्थिर झाला. खाली येणे आणि स्थिरावणे ह्या दोन्ही अर्थांना एकच धातू पुरतो. मंदीत सापडलेला कारखाना बसला आहे की बुडाला आहे, आणि बसला असल्यास त्याचा जम बसण्याचा काही संभव आहे काय, हाच आपल्यापुढचा प्रश्न होय.

२

प्रथम स्थळाचा विचार करू. ठाणे खाडीच्या पूर्वेस, पारसिक डोंगराच्या पायथ्याने कळव्यापासून दक्षिणेकडे जाणारा ठाणे-बेलापूर रस्ता दिघा, ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे, तुर्भे ह्या गावांच्या लगत जातो. ही मूळची आगरी-कोळी वस्तीची गावे. भातशेती, मिठागरे आणि खाडीतील मासेमारी हे त्यांचे परंपरागत व्यवसाय. १ ऑगस्ट १९६२ रोजी महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना झाली, आणि खाडीपलीकडच्या ह्या भूमीवर पुढे एक विस्तीर्ण औद्योगिक क्षेत्र आखले गेले. कागदोपत्री त्याचे नाव ट्रान्स ठाणे क्रीक असे आहे. लोकांच्या तोंडी मात्र ते ‘टीटीसी’ किंवा नुसते ‘एमआयडीसी’ झाले. सिडकोची स्थापना १७ मार्च १९७० ची आणि नवी मुंबई महानगरपालिकेचा कारभार १९९२ पासूनचा. म्हणजे येथे कारखाने प्रथम आले आणि नगर मागाहून आले. हा क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे, कारण पुढे नगर वाढले तेव्हा त्याने कारखान्यांच्याच जमिनीकडे दृष्टी वळविली.

ह्या पट्ट्याचा पहिला काळ अवजड उत्पादनाचा होता. मफतलाल समूहाची नॅशनल ऑर्गॅनिक केमिकल इंडस्ट्रीज ही कंपनी १९६१ साली स्थापन झाली, आणि १९६० च्या दशकाच्या अखेरीस तिचा नॅफ्था-भंजनाचा कारखाना ह्याच रस्त्यावर चालू झाला. देशातील अगदी आरंभीच्या पेट्रोरसायन कारखान्यांत त्याची गणना होते. पॉलिओलेफिन्स, हर्डिलिया, स्टँडर्ड अल्कली ही नावे त्याच पिढीतील होत. दिघा-कळवा भागात मुकंद कंपनीचे पोलादाचे काम उभे राहिले. ऐरोली-कळवा भागात सीमेन्स आणि भारत बिजली ह्यांनी विद्युत् यंत्रसामग्रीचे कारखाने चालविले. ह्या मोठ्या नावांच्या भोवती शेकडो लहान कारखाने जमले. रंग, रंगद्रव्ये, औषधांची मध्यवर्ती रसायने, रबराचे भाग, साचे, झडपा असा त्यांचा माल. त्यांतील अनेकांचे तंत्रज्ञ माटुंग्याच्या रसायन-तंत्रज्ञान विभागातून आले. मुंबई विद्यापीठाचा हा विभाग १९३३ साली सुरू झाला, आणि आज रसायन तंत्रज्ञान संस्था ह्या नावाने तो स्वतंत्र विद्यापीठासारखा नांदतो. पट्ट्यातील मोठ्या कारखान्याचा माल टनांत मोजला जाई, लहान कारखान्याचा किलोत. मंदीच्या काळात ह्या दोन मापांचा संबंध कसा पालटतो, हे पुढे दिसेल.

३

पहिली मोठी मंदी ह्या पट्ट्याच्या बालपणातच आली. १९६५ चे युद्ध, लागोपाठ दोन वर्षांचे अवर्षण, आणि ६ जून १९६६ रोजीचे रुपयाचे अवमूल्यन ह्यांमुळे सरकारी गुंतवणूक आटली. एका डॉलरला ४ रुपये ७६ पैसे पडत, तेथे ७ रुपये ५० पैसे पडू लागले. पंचवार्षिक योजनाही १९६६ ते १९६९ अशी तीन वर्षे स्थगित राहिली. ह्या मंदीचा घाव मुख्यतः यंत्रे व पोलाद करणाऱ्यांवर पडला, कारण त्यांचा मोठा ग्राहक सरकारच होते. दुसरा धक्का १९७३ च्या तेलाच्या भाववाढीचा, आणि तो नॅफ्थावर चालणाऱ्या कारखान्यांच्या मुळाशीच बसला. तिसरा प्रसंग १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या मुंबईच्या गिरणी संपाचा. सुमारे अडीच लक्ष कामगारांच्या ह्या संपानंतर मुंबईचा कापडधंदा पूर्वस्थितीवर कधी आलाच नाही, आणि गिरण्यांना रंग व रसायने पुरविणाऱ्यांना दुसरे ग्राहक शोधावे लागले. चौथा प्रसंग १९९१ चा. जुलै महिन्यात पुन्हा अवमूल्यन झाले, २४ जुलैला नवे औद्योगिक धोरण आले, आणि त्यानंतर आयातकराची भिंत वर्षानुवर्षे खाली येत गेली. स्वदेशातील मालाला आता परदेशी भावाशी तुलना सोसावी लागली.

ह्या साऱ्या प्रसंगांतून गेलेल्या एकाच कंपनीचे दोन हात कसे निराळ्या गतीला गेले, हे नॅशनल ऑर्गॅनिकच्या उदाहरणात स्पष्ट दिसते. १९९७ साली रिलायन्सने हजिरा येथे नॅफ्था-भंजनाचा जो कारखाना चालू केला, तो ठाणे-बेलापूरच्या कारखान्याच्या कित्येक पटींनी मोठा होता. टनांवर मोजल्या जाणाऱ्या मालात मोठ्याचा भाव लहानाला परवडत नाही, आणि ह्या शतकाच्या आरंभीच्या वर्षांत कंपनीचा पेट्रोरसायनांचा व्यवसाय तिच्यापासून वेगळा होऊन गेला. राहिली ती रबरात घालावयाची रसायने. टायरच्या रबराला लवकर पक्वता यावी, ते उन्हाने व प्राणवायूने तडकू नये, ह्यासाठी शंभर भाग रबरात एक-दोन भाग अशा बेताने ही द्रव्ये मिसळतात. ह्या चिमटीएवढ्या मालावर कंपनी उभी राहिली. नवी मुंबईतील कारखाना चालू ठेवून तिने २०१३ साली गुजरातेत दहेज येथे दुसरा उभारला, आणि तिच्या नावाचा ‘नोसिल’ हा संक्षेप आता रबर-रसायनांचाच वाचक झाला आहे.

ह्यातून निघणारा निष्कर्ष वरवर पाहता साधा आहे, परंतु तो नीट मांडला पाहिजे. रबर-रसायने टिकली ती केवळ थोडी लागतात म्हणून नव्हे. टायरच्या किमतीत त्यांचा वाटा थोडा असतो, परंतु ती उणी किंवा वाईट पडली तर सबंध टायर वाया जातो. म्हणून मंदीत काटकसर करणारा ग्राहक त्यांच्यावर सर्वांच्या शेवटी हात घालतो. शिवाय एकदा एक पुरवठादार परीक्षेला उतरला की, दुसऱ्याकडे वळण्यासाठी ग्राहकाला सर्व परीक्षा पुन्हा कराव्या लागतात. किमतीतील अल्प वाटा, गुणातील मोठा वाटा आणि परीक्षेने बांधलेला ग्राहक ह्या तीन गोष्टी एकत्र आल्या तरच लहान माल मंदी ओलांडतो.

४

अब्जांश पदार्थ हा ह्या लहान मालाचा अगदी टोकाचा प्रकार होय. म्हणून आता त्याच्या इतिहासाकडे वळू. ‘नॅनो’ हे उपपद ग्रीक ‘नानोस’ म्हणजे बुटका ह्या शब्दावरून घेतलेले आहे. १९६० साली मापांविषयीच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने अब्जाव्या भागासाठी ते मान्य केले. त्याच्या थोडे आधी, २९ डिसेंबर १९५९ रोजी, रिचर्ड फाइनमन ह्यांनी अणूंच्या पातळीवर वस्तू घडविण्याच्या शक्यतेवर आपले प्रसिद्ध व्याख्यान दिले होते. परंतु त्या व्याख्यानात हा शब्द नव्हता. ‘नॅनोटेक्नॉलॉजी’ हा सामासिक शब्द १९७४ साली जपानचे नोरिओ तानिगुची ह्यांनी अतिसूक्ष्म यंत्रकामाच्या संदर्भात योजला. मराठीत ह्यासाठी ‘अब्जांश तंत्रज्ञान’ हा शब्द रूढ होत आहे, आणि तो मूळ शब्दाहून अधिक नेमका आहे. अब्ज म्हणजे शंभर कोटी, आणि नॅनोमीटर म्हणजे मीटरचा शंभर कोटीवा भाग. बुटकेपणाची अस्पष्ट उपमा टाकून मराठीने संख्याच सांगितली आहे.

तथापि सामान्य मराठी माणसाच्या कानी नॅनो हा शब्द प्रयोगशाळेतून आला नाही. १० जानेवारी २००८ रोजी दिल्लीच्या प्रदर्शनात टाटांनी लाख रुपयांची मोटार दाखविली, तिच्या नावाने तो घरोघर गेला, आणि लहान व स्वस्त हाच त्याचा अर्थ होऊन बसला. ह्याच सुमारास उद्योगजगतात त्या शब्दाचा अर्थ नवे व महाग असा होत होता. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाच्या वर्तुळातून २००१ साली असे भाकीत केले गेले होते, की २०१५ पर्यंत ह्या तंत्रज्ञानाशी निगडित मालाची बाजारपेठ एक लक्ष कोटी डॉलरवर जाईल. भारत सरकारने २००७ च्या मे महिन्यात पाच वर्षांसाठी एक हजार कोटी रुपयांची नॅनो मिशन योजना मंजूर केली. भांडवल शब्दाकडे पाहून येत होते, आणि अनेक नव्या पेढ्यांच्या नावांत तो शब्द झळकत होता.

१५ सप्टेंबर २००८ रोजी लेहमन ब्रदर्स ही अमेरिकन पेढी कोसळली आणि ह्या भांडवलाचा ओघ थांबला. पुढच्या घटना उद्बोधक आहेत. अमेरिकेतील बफेलो येथील नॅनोडायनॅमिक्स ही पेढी २००९ साली दिवाळखोरीत गेली. जर्मनीत बायरसारख्या महाकाय कंपनीने लेव्हरकुझेन येथे २०१० साली कार्बनच्या अब्जांश-नलिकांचा वर्षाला दोनशे टनांचा कारखाना उघडला, आणि २०१३ साली तो व्यवसाय सोडल्याचे जाहीर केले. माल उत्तम होता, परंतु त्यावाचून ज्याचे अडते असा ग्राहक पुरेसा नव्हता.

ह्याउलट इलिनॉय राज्यातील नॅनोफेज ह्या लहान कंपनीची कथा पाहावी. १९८९ साली आर्गॉन येथील राष्ट्रीय प्रयोगशाळेतील संशोधनातून ती निघाली. धातूची वाफ करून तिच्यापासून ऑक्साइडचे अतिसूक्ष्म कण बनविणे ही तिची विद्या. उन्हापासून त्वचेचे रक्षण करणाऱ्या लेपांसाठी लागणारे जस्ताचे ऑक्साइड हा तिचा मुख्य माल, आणि बीएएसएफ हा तिचा मोठा ग्राहक. २००९ साली तिची विक्री घटली. एकाच मोठ्या ग्राहकावर भार ठेवण्यातला धोका तिच्या अनुभवाला आला. तरी ती बुडाली नाही. कणांची पूड विकण्याऐवजी ते कण ज्यात बसवावयाचे तो लेपच तयार करून देण्याकडे ती हळूहळू वळली, आणि २०२४ साली तिने आपले नावही बदलून ‘सोलेसन्स’ असे केले. ज्या उपपदाच्या बळावर एके काळी भांडवल मिळत असे, तेच नावातून गेले आणि विद्या मात्र राहिली. टाटांच्या मोटारीचे उत्पादनही २०१८ साली थांबले, हा योगायोग असला तरी शब्दांच्या इतिहासात नोंदण्याजोगा आहे.

५

महाराष्ट्रातही ह्याच काळात दोन प्रयत्न झाले. त्यांतला एक मोठ्या समूहाचा आहे, दुसरा लहान पेढीचा. २००९ च्या डिसेंबरात, मंदीची छाया अद्याप असताना, टाटा समूहाने ‘स्वच्छ’ नावाचे पाणी गाळण्याचे साधन बाजारात आणले. भाताच्या तुसाच्या राखेवर चांदीचे अब्जांश कण बसवून जंतू मारण्याची ही युक्ती. राखेच्या गाळणीवरचे मूळ काम पुण्याच्या टाटा संशोधन केंद्रात झालेले होते, आणि साधनाची किंमत ७४९ व ९९९ रुपये ठेवलेली होती. विजेवाचून व नळाच्या दाबावाचून चालणारे हे साधन होते. ते विकताना ‘अब्जांश’ ह्या शब्दापेक्षा पाणी निर्धोक होते ह्या गोष्टीवर भर होता, हे ध्यानात घ्यावे.

दुसरे उदाहरण खाडीच्या पलीकडील तीरावरचे, पवईचे आहे. भारतीय तंत्रज्ञान संस्थेत २००६ पासून अब्जांश-इलेक्ट्रॉनिकीचे केंद्र चालू झाले. त्या परिसरात वाढलेल्या नॅनोस्निफ टेक्नॉलॉजीज ह्या लहान पेढीने स्फोटक द्रव्यांचा माग काढणारे यंत्र तयार केले, आणि ते ९ एप्रिल २०२१ रोजी प्रकाशात आले. करोनाच्या दुसऱ्या लाटेचा तो काळ. नॅनोग्रॅमच्या मापाने मोजावे इतके अल्प स्फोटक हे यंत्र थोड्या सेकंदांत ओळखते. येथेही दीर्घकाळ चाललेल्या संशोधनाला शासकीय संस्थेचा आधार होता आणि ग्राहकाची गरज निश्चित होती. विमानतळाला व सुरक्षादलाला मंदी आली म्हणून तपासणी थांबविता येत नाही.

६

आता कणाकडे वळू, कारण अशा पेढीचे भवितव्य शेवटी कणाच्या गुणधर्मावर अवलंबून असते. एक सेंटिमीटर बाजूचा घन घेतला तर त्याचा पृष्ठभाग सहा चौरस सेंटिमीटर भरतो. त्याच घनाचे एक नॅनोमीटर बाजूचे तुकडे केले, तर सर्वांचा मिळून पृष्ठभाग सहा हजार चौरस मीटर, म्हणजे सुमारे दीड एकर होतो. पदार्थ तेवढाच, परंतु भोवतालच्या द्रव्याशी त्याची गाठ पडण्याची जागा दीड एकराची. रबरात, रंगात, लेपात कमी माल घालून तेवढेच काम व्हावे, ही आशा ह्यावरूनच उत्पन्न होते. अडचणही ह्यावरूनच येते. इतका मोठा पृष्ठभाग असलेले कण एकमेकांस चिकटतात, त्यांच्या गाठी होतात, आणि ग्राहकाच्या पिंपात ते अब्जांश राहतच नाहीत. म्हणून ह्या धंद्यातील खरे कौशल्य कण करण्याहूनही ते सुटे राखण्यात आहे. नॅनोफेजने पुडीकडून लेपाकडे जाण्याचे एक कारण ह्यात सापडते.

बारकाईची चढती मापे मराठीला नवी नाहीत. भरड, रवाळ, बारीक, वस्त्रगाळ असे शब्द आपल्या स्वयंपाकघरात व वैद्याच्या खलात चालत आले आहेत. वस्त्रगाळ हा शब्द विशेष विचारणीय आहे. तो कणाचे वर्णन करीत नाही, परीक्षा सांगतो : जी पूड कापडातून गळते ती वस्त्रगाळ. रसशास्त्रातील भस्माच्या कसोट्याही अशाच आहेत. बोटांवर चोळलेले भस्म रेषांत शिरून बसले तर ते रेखापूर्ण, आणि स्थिर पाण्यावर तरंगले तर वारितर. प्राचीनांना अब्जांश तंत्रज्ञान अवगत होते असे ह्यावरून म्हणणे अनैतिहासिक ठरेल, कारण वस्त्रगाळ पुडीचा कणदेखील नॅनोमीटरच्या हजारो पटींनी मोठा असतो. मुद्दा निराळा आहे. बारीक म्हटल्याने माल बारीक ठरत नाही, घेणाऱ्याला पटेल अशी परीक्षा दाखवावी लागते, ही जाणीव ह्या शब्दांत मुरलेली आहे.

अब्जांश मालाची परीक्षा कापडाने किंवा बोटाने होत नाही. तिला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक लागतो, आणि तो विकत घेणे लहान पेढीच्या आवाक्यातले नसते. पवईच्या संस्थेत बाहेरच्यांनाही शुल्क भरून उपकरणे वापरता येतील अशी परीक्षणाची सोय आहे. दिघ्याच्या दृष्टीने ही गोष्ट लहान नव्हे. एका बाजूस मालाची परीक्षा करणारे पवई, दुसऱ्या बाजूस रसायनज्ञ घडविणारे माटुंगा, आणि दाराशीच रंग, रबर व विद्युत्‌सामग्री करणारे ग्राहक असे सान्निध्य महाराष्ट्रात अन्यत्र क्वचितच मिळेल.

७

परंतु सान्निध्य असून भागत नाही. मंदीनंतर लहान पेढी मरते ती पुष्कळदा मागणी परतल्यावर. हे विधान विचित्र वाटेल, परंतु कारण उघड आहे. मंदीत तिची शिल्लक संपलेली असते. मागणी आली की कच्चा माल रोखीने घ्यावा लागतो, आणि विकलेल्या मालाचे पैसे तीन-चार महिन्यांनी येतात. २००८-०९ साली रिझर्व्ह बँकेने आपला रेपो दर ९ टक्क्यांवरून ४.७५ टक्क्यांवर आणला आणि सरकारने डिसेंबर २००८ मध्ये अबकारी करात चार टक्क्यांची सूट दिली. २०२० च्या मेमध्ये लहान उद्योगांसाठी तीन लक्ष कोटी रुपयांच्या हमीकर्जाची योजना आली. ह्या उपायांनी अनेक उद्योग तगले. तथापि कर्ज स्वस्त होणे आणि येणे वेळेवर मिळणे ह्या दोन भिन्न गोष्टी आहेत.

दुसऱ्या गोष्टीकडे कायद्याचे लक्ष आहे. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांच्या कायद्याने सूक्ष्म व लघु उद्योगाची रक्कम फार तर ४५ दिवसांत चुकती करण्याचे बंधन घातले, आणि विलंबास बँकदराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज सांगितले. परंतु आपल्याच मोठ्या ग्राहकावर फिर्याद करण्यास लहान कारखानदार धजत नाही. म्हणून पुढे आयकर कायद्यातच दुरुस्ती झाली, आणि १ एप्रिल २०२४ पासून अशी रक्कम मुदतीत न दिल्यास ती प्रत्यक्ष देईपर्यंत ग्राहकाला तिची वजावट मिळत नाही. येथे सूक्ष्म ह्या शब्दाचा कायद्यातील अर्थही पाहण्यासारखा आहे. १ एप्रिल २०२५ पासून यंत्रसामग्रीत अडीच कोटींपर्यंत गुंतवणूक आणि दहा कोटींपर्यंत उलाढाल असलेला उद्योग सूक्ष्म ठरतो, आणि पंचवीस व शंभर कोटींच्या मर्यादेत असलेला लघु. एक सूक्ष्मता मीटरच्या अब्जांशाने मोजावयाची, दुसरी कोटींनी. अब्जांश-पेढीला दोन्ही सांभाळाव्या लागतात.

तिसरा प्रश्न जागेचा आहे. ठाणे-वाशी मार्गावर २००४ साली प्रवासी गाड्या सुरू झाल्या, आणि १२ जानेवारी २०२४ रोजी दिघा गाव स्थानकाचे उद्घाटन झाले. ऐरोलीच्या बाजूस संगणकीय कंपन्यांची भव्य संकुले उभी राहिली आहेत. दिघ्यातच औद्योगिक महामंडळाच्या व सिडकोच्या जमिनीवर उठलेल्या ९९ अनधिकृत इमारतींचे प्रकरण २०१५ साली उच्च न्यायालयापुढे गाजले, आणि हजारो साध्या कुटुंबांच्या डोक्यावरील छप्पर त्यात पणाला लागले. घरांची गरज खरी आहे, कचेऱ्यांची मागणीही खरी आहे. अशा स्थितीत मंदीत बसलेल्या कारखानदारापुढे दोन मार्ग असतात. एक, कष्टाने पुन्हा उभे राहण्याचा, आणि दुसरा, भूखंडाचा हक्क विकून मोकळे होण्याचा. दुसरा मार्ग त्याच्या दृष्टीने पुष्कळदा शहाणपणाचा ठरतो. परंतु अशा प्रत्येक निर्णयाबरोबर भट्टी, चक्की व चाळणी ओळखणारे हात पांगतात, आणि ते पुन्हा एकत्र येत नाहीत. कारखान्यातील ज्ञानाचा मोठा भाग पुस्तकात नसतो. मिश्रणाचा रंग पाहून, यंत्राचा आवाज ऐकून, पूड बोटात धरून ते पिढीकडून पिढीकडे जाते.

८

सारांश, दिघ्यासारख्या ठिकाणी अब्जांश पदार्थ करणाऱ्या लहान पेढीचे मंदीनंतरचे भवितव्य निराशाजनक नाही, परंतु ते सशर्त आहे. तिचा माल ग्राहकाच्या खर्चात अल्प आणि गुणात आवश्यक असला पाहिजे. तो एका ग्राहकाकडे न जाता रबर, रंग, लेप, गाळणी अशा अनेक दारी गेला पाहिजे. पुडीच्या पलीकडे जाऊन ग्राहकाच्या कामी थेट पडेल असे रूप तिने त्याला दिले पाहिजे, आणि प्रत्येक खेपेबरोबर परीक्षेचा दाखला दिला पाहिजे. ह्या गोष्टी पेढीच्या हातच्या आहेत. विकलेल्या मालाचे पैसे ४५ दिवसांत मिळणे, सार्वजनिक संस्थेतील परीक्षणाची सोय टिकणे, आणि औद्योगिक भूखंडावर उद्योगच राहणे ह्या गोष्टी तिच्या हातच्या नाहीत. त्या समाजाने ठरवावयाच्या आहेत.

विद्यापीठांतील तरुण संशोधकांना येथे एक काम सुचवावेसे वाटते. ठाणे-बेलापूर पट्ट्यातील लहान कारखान्यांचा इतिहास आज मुख्यतः निवृत्त कारागिरांच्या व पर्यवेक्षकांच्या स्मरणात आहे. १९६६ व १९८२ चे प्रसंग ज्यांनी अंगावर घेतले ती पिढी आता वृद्ध झाली आहे. त्यांनी कोणत्या वर्षी कोणता माल सोडून कोणता धरला, कोणत्या ग्राहकाने सांभाळून घेतले, यंत्रांना व प्रक्रियांना ते कोणत्या नावांनी ओळखत, हे सारे त्यांच्याच बोलीत नोंदवून ठेवले पाहिजे. ती नोंद इतिहासाला जितकी लागेल तितकीच भाषाशास्त्राला लागेल, आणि पुढील मंदीत दिघ्याला नवा कारखाना काढू पाहणाऱ्या माणसालाही तिचा उपयोग होईल.